मांडवाच्या आधी माती

सोलापुरात एखाद्या मंडळानं कबड्डी स्पर्धा ठरवली की वर्गणीतला पहिला घास मांडव, बॅनर आणि डीजे घेतात. मैदानाच्या वाट्याला उरतो आदल्या दिवशीचा एक टँकर आणि फक्कीची एक गोणी. पहिल्याच सामन्यात धुळीचे लोट उठतात, तिसऱ्या रांगेच्या मागच्याला नुसती डोकी दिसतात, आणि उपांत्य फेरी उभी राहीपर्यंत घरोघरच्या बायका-पोरं उठून गेलेली असतात. माणसं चढाई बघायला येतात. ती नीट खेळता आली, नीट दिसली आणि वेळेवर झाली, तर बाकीच्या उणिवा लोक पोटात घालतात.

सुरुवात जमिनीपासून. इथली काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत खेळाडूचं पाऊल अडकून घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. यावर सरसकट केला जाणारा उपाय म्हणजे वर दोन ट्रॉल्या मुरूम पसरणे. तो एका पावसाळ्यापुरता. काळी माती फुगून वर येते, मुरूम तिच्यात रुततो, आणि पुढच्या वर्षी मैदान होतं तिथंच.

कायमचं काम करायचं तर काळी माती उचलावी लागते. पुरुषांचं क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. भोवती दोन-दोन मीटर मऊ जागा धरली तर १७ बाय १४, म्हणजे २३८ चौरस मीटर. एवढ्या जागेत ३० सेंटिमीटर खोदायचं. तळाला पाणी मारून रोलर फिरवायचा आणि दगडी चुऱ्याचा पातळ थर द्यायचा, नाहीतर विटांचे तुकडे खालच्या चिखलात बुडतात. त्यावर १५ सेंटिमीटर विटांचे तुकडे, मग १० सेंटिमीटर मुरूम, आणि शेवटी १० सेंटिमीटर खेळायची माती. बेरीज ३५ भरते. म्हणजे मैदान भोवतालपेक्षा पाच सेंटिमीटर वर राहतं आणि पाणी बाहेर जातं. मध्यरेषा दोन्ही टोकांपेक्षा तीन-चार सेंटिमीटर उंच ठेवली तर आणखी बरं.

माल किती लागेल? विटांचे तुकडे साडेबारा ब्रास. मुरूम आणि वरची माती दाबल्यावर प्रत्येकी साडेआठ ब्रासच्या आत बसतात, पण सुटा माल दबतो, म्हणून साडेदहा-साडेदहा ब्रास मागवा. ट्रॉलीवाला ‘एक ब्रास’ म्हणतो तेव्हा टेप लावा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २० इंच उंच भरलेली ट्रॉली म्हणजे १०० घनफूट, तोच एक ब्रास. १५ इंचांवर सपाट केलेली ट्रॉली पाऊण ब्रासची असते.

लाल माती या काळ्या मुलखात लांबून आणावी लागते आणि मालापेक्षा भाडंच जड पडतं. म्हणून ती फक्त वरच्या थरात. तीन मिलीमीटरच्या चाळणीतून गाळायची. चाळणी चुकवली की बारीक खडे राहतात आणि प्रत्येक पकडीत गुडघे-कोपरं सोलून निघतात. प्रमाण साधारण असं: सहा घमेली माती, एक घमेलं शेणखत, एक घमेलं लाकडाचा भुसा. भुसा जास्त झाला तर पाय सरकतो आणि वाळवी लागते. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, त्यामुळे कुजलेलं खत वापरूनही खेळाडूंच्या धनुर्वाताच्या लसी झाल्यात का ते संघनोंदणीच्या वेळीच विचारावं. खरचटलं तर आधी साबण-पाणी, मग मलम.

वरचा थर पाच-पाच सेंटिमीटरचे दोन भाग करून हाताच्या रोलरनं दाबायचा. रस्त्याच्या कामाचा मोठा रोलर मिळतोय म्हणून तो फिरवू नका. माती फरशीसारखी होते आणि खांद्यावर पडलेला पोरगा उठत नाही. चुकून फिरवलाच, तर वरचे तीन-चार सेंटिमीटर कुदळीनं सोडवून दाताळं मारायचं. हे सगळं पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आसपास करावं. तेव्हा काळी माती चिकटतही नाही आणि दगडासारखीही नसते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत मैदान बसतं, आणि खेळायला तीच हवा बरी.

पाण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण नळाला रोज पाणी नसतं. सामन्याच्या आदल्या रात्री चौरस मीटरला दहा लिटर, म्हणजे सुमारे २४०० लिटर. सामन्याच्या दिवशी सकाळी त्याच्या निम्मं. दोन्ही मिळून पाच हजारांच्या टँकरमध्ये भागतं आणि फेऱ्यांच्या मधल्या शिडकाव्याला थोडं उरतंही. टँकरचा पाइप थेट मैदानात सोडू नका, वरची माती वाहून जाते. तोंडाला झारी लावा. ओल बरोबर आहे का ते मुठीत कळतं: माती दाबली की लाडू झाला पाहिजे आणि अंगठ्यानं टोचला की फुटला पाहिजे. तळहाताला चिकटली तर थांबा.

आता आखणी. काटकोनासाठी दोरीवर ३-४-५ चं माप घ्या, पण शेवटी कर्ण मोजाच. १३ बाय १० चा कर्ण १६.४० मीटर, महिलांच्या १२ बाय ८ चा १४.४२ मीटर. दोन कर्णांत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खुंट्या हलवा. पुरुषांसाठी मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूनं ओलांडायलाच हवी ती) ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा (जादा गुणाची) त्यापुढे एक मीटरवर. महिलांसाठी निदान रेषा तीन मीटरवर, बोनस रेषा चार मीटरवर. दोन्ही बाजूंचं राखीव क्षेत्र (झटापट सुरू झाल्यावरच खेळात धरली जाणारी कडेची पट्टी) एकेक मीटरचं, आणि ते रुंदीत धरलेलंच असतं. ते बाहेर काढून १२ मीटर रुंद आखलेली मैदानं दिसतात आणि मग चढाईपटूला पकडणं अवघड होऊन बसतं.

रेषांना खडूची फक्कीच. चुना वापरू नका. घामाच्या अंगाला आणि डोळ्यांना तो भाजतो, आणि कबड्डीत माणूस तोंडावर पडतोच. खाटेची निवार खिळ्यांनी ठोकून पट्ट्या करणं सोपं वाटतं, पण एक खिळा वर आला की काय होईल ते सांगायला नको.

मॅटबद्दल एकच. वरच्या पातळीच्या स्पर्धा मॅटवर होतात, तेव्हा सरावाला ती हवीच, पण छपराखाली. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात मॅट आकसते, सांधे उघडतात, वर धूळ बसून ती निसरडी होते.

क्रीडांगणाच्या चारही बाजूंना चार मीटर मोकळे सोडा आणि दोरी त्याच्या बाहेर बांधा. पुढच्या रांगांना खाली सतरंज्या, सोलापुरी चादरी. त्यांच्यामागे बाकडी, त्यांच्यामागे उभे राहणारे. अशा तीन पातळ्यांनी गॅलरीशिवायही पाच-सहाशे माणसं नीट बघू शकतात. गॅलरी बांधायचीच असेल तर आठवण ठेवा: मार्च २०२१ मध्ये तेलंगणात सूर्यापेटला राष्ट्रीय ज्युनिअर कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांची गॅलरी कोसळून शंभरावर लोक जखमी झाले. बसलेल्या माणसांच्या वजनापेक्षा मोठा धोका वेगळा असतो. पकड झाली की सगळे एकदम उसळतात आणि सांगाडा आडवा डोलतो. उभ्या बांबूंना कैचीसारखे तिरके आधार नसतील तर तो तिथंच झुकतो. प्रत्येक पायाखाली जाड फळी हवी, नाहीतर ओल्या काळ्या मातीत एक पाय खचतो आणि भार दुसऱ्यावर जातो.

दिव्यांचे चार खांब कोपऱ्यांच्या बाहेर, निदान आठ मीटर उंच. टोकाच्या रेषेमागे दिवा लावला की चढाईपटूच्या डोळ्यांत जातो. प्रत्येक खांबावर २०० वॉटचे तीन एलईडी म्हणजे सगळे मिळून २.४ किलोवॉट. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या, आकडा टाकू नका. लोखंडी खांब, ओली माती, अनवाणी पोरं, एवढं एकत्र असताना अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा गळती-बंद स्विच (आरसीसीबी) दोन्ही पाहिजेत.

गुणफलक दोन, समोरासमोर. आकडे हातानं फिरवले तरी चालतील, पण फलकावर कोणते संघ, किती गुण आणि किती मिनिटं उरली हे तिन्ही दिसलं पाहिजे. लोक कंटाळतात ते खेळाला नाही, काय चाललंय ते न कळण्याला. निवेदकानं बोनस का मिळाला (समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतानाच मिळतो), लोणाचे (समोरचा सगळा संघ बाद केल्याचे) दोन गुण कसे चढले, हे तिथल्या तिथे सांगावं. शहराच्या पूर्वभागात सामना असेल तर दोन वाक्यं तेलुगूत, अक्कलकोटकडे असेल तर कानडीत. ‘वाह काय पकड, वाह काय पकड’ याला समालोचन म्हणत नाहीत.

आणि वेळ. पुरुषांचा सामना २०-५-२० मिनिटांचा. टाइमआउट आणि मैदान सारखं करणं धरून तासाला एक सामना. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून पाच सामने हवेत तर पहिली चढाई पाचला. सत्कार मध्यंतराच्या पाच मिनिटांत उरका. पाहुणे उशिरा येणार असतील तर पुढच्या मध्यंतरात. त्यांच्यासाठी थांबलेलं मैदान सुकतं आणि पोरांची तापवलेली अंगं गार पडतात. महिलांचे सामने दुपारच्या उन्हात ढकलण्याची खोडही सोडायला हवी. त्यांना सातची वेळ दिली की गर्दीत बायका आपोआप वाढतात, आणि त्यांच्यासाठी दार लागणारं, पाण्याचं, दिवा असलेलं स्वच्छतागृह जवळ असेल तर त्या शेवटपर्यंत बसतात. पिण्याचं पाणी माणशी एक लिटर धरा. बर्फाची एक लादी मात्र खेळाडूंसाठी बाजूला ठेवा, ती सरबताच्या गाड्याला देऊ नका.

मांडव उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीला मोठा चुंबक बांधून सगळ्या मैदानावरून ओढा. मांडववाल्यांचे लहान-मोठे खिळे ओंजळभर तरी निघतात. मग दाताळं, मग हलकं पाणी. सगळ्यात जास्त झिजतो तो निदान रेषा आणि बोनस रेषा यांच्यामधला पट्टा. त्याच्यासाठी मिसळलेली ब्रासभर माती ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असू द्या.