यू६६०ई अपडेट: लेव्हल लागेना, आणि चोर निघाला बोटभर नळीत

मंडळी, टोयोटाच्या यू६६०ई या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ, म्हणजे आतलं ऑईल, बदललं एकदाचं. जुनं काढायचं, नवं घालायचं, त्यात कसलं आलंय अपडेट म्हणाल, पण लेव्हलने जो जीव खाल्लाय तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आधी आनंदाची बातमी. मागच्या वेळी ज्या न सुटणाऱ्या फिल प्लगच्या (ऑईल भरायच्या भोकाचं बूच) नावाने गळा काढला होता तो सुटला. भोवतीच्या ॲल्युमिनियमला हीट गनने निवांत शेक दिला, सहाकोनी सॉकेट लावलं, लांब दांडा घेतला आणि टक्क! त्या आवाजासारखं सुख नाही. बाराकोनी सॉकेट असल्या प्लगला लावूच नका, कडा खाऊन टाकतं. आणि नियम तोच, फिल प्लग सुटल्याशिवाय ड्रेनला (खालच्या, ऑईल काढायच्या प्लगला) हात लावायचा नाही, नाहीतर चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑईलचं पात्र) रिकामा आणि भरायला तोंडच नाही अशी गत होते.

ड्रेन नेहमीसारखंच. प्लग काढला की थोडंसं येतं, मग त्याच भोकातून ६ मिमी ॲलन की वर घालून आतली ओव्हरफ्लो नळी (हिच्या वरच्या टोकापर्यंतच ऑईल राहतं, जादाचं हिच्यातून खाली सांडतं) सोडवली की बाकीचं भदाभदा. निघालं जेमतेम २ लिटर. या गिअरबॉक्समधून साधारण अडीच निघायला हवं. रंग काळपट होता पण जळका वास नव्हता, आणि डब्ल्यूएस (टोयोटाचं एटीएफ) तसंही लवकर काळं पडतं त्यामुळे मी रंगापेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवतो.

आता खरी कटकट. नळी परत बसवली, फिल प्लगमधून ऑईल भरलं, खालून आलं, ड्रेन प्लग लावला, वरून अजून थोडं घातलं, इंजिन चालू केलं, ब्रेक दाबून पी पासून सगळ्या पोझिशन हळूहळू फिरवल्या. ओबीडीच्या (गाडी तपासायच्या सॉकेटच्या) ४ आणि १३ नंबरच्या पिना वायरने जोडून, लिव्हर एन-डी-एन-डी करून टेंपरेचर मोड लावला. नवीन लोकांसाठी सांगतो, या मोडमध्ये डी चा दिवा बंद म्हणजे ऑईल अजून थंड, स्थिर पेटला म्हणजे ४० ते ४५ डिग्रीत, लुकलुकला म्हणजे जास्त तापलं. दिवा पेटला की इंजिन चालू ठेवूनच प्लग काढायचा, धार बारीक होऊन थेंबांवर आली की प्लग बंद, लेव्हल झाली.

माझी धार थेंबांवर येईचना. म्हणजे बारीक झाली, पण एक दोऱ्यासारखी सुरूच, दिवा लुकलुकायला लागला तरी सुरू. प्लग लावला, गाडी थंड होऊ दिली, परत. तेच. खालच्या मापात अर्ध्या लिटरच्या वर जमा. पहिला संशय टेंपरेचरवर, कारण एटीएफ तापलं की फुगतं, पण हिशोब केला तर एकूण ६.५ लिटर धरून १० डिग्रीला ४०-५० मिली फरक पडतो, अर्धा लिटर नाही. तरी खात्री करायला ओबीडी डाँगल (त्याच सॉकेटमध्ये बसणारा, गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा) लावला, तो म्हणतो ४२. लेझर थर्मामीटर केसिंगवर मारला, तो म्हणतो ३३! तासभर या दोघांच्या भांडणात गेला. मग केसिंगच्या त्या चकचकीत ॲल्युमिनियमवर काळी टेप चिकटवून तिच्यावर मारला, ४०. चकचकीत धातूवर ती बंदूक कमीच दाखवते, मॅट काळ्यावर बरोबर. डाँगल स्वस्तातला आहे म्हणून मी त्याला नावं ठेवायचो, पण गिअरबॉक्सच्या टेंपरेचरला तो खरा निघाला. बंदूक ब्रेक डिस्क बघायला ठेवली आहे, या कामातून तिची बदली.

दुसरा संशय गाडी तिरकी असण्यावर. चारही जॅक स्टँडवर होती, दरवाजाच्या खालच्या पट्टीवर पाणसळ ठेवली, पुढून मागे आणि आडवी दोन्हीकडून बुडबुडा मधोमध. एसी बंद, आयडल स्थिर. आता मात्र डोकं चालेना. इंजिन चालू असताना गिअरबॉक्सचा पंप कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) भरलेला ठेवतो म्हणून चेंबरमधली लेव्हल खाली जाते, म्हणजे इंजिन बंद असताना जास्त वाहिलं असतं तर समजलो असतो, पण चालू असताना एवढं? मग बाहेर आलेलं मोजून तेवढंच परत वर घातलं. जेवढं घातलं तेवढंच, अगदी इमानदारीत, खाली परत आलं. म्हणजे गिअरबॉक्सने आपली एक लेव्हल ठरवली होती आणि ती हलायला तयार नव्हती. तिथे कळलं की पाणी नळीतच मुरतंय.

सगळं ऑईल परत स्वच्छ भांड्यात काढलं आणि नळी बाहेर. बघायला ठणठणीत. फक्त खालच्या षटकोनी खोबणीचे कोपरे गोल झालेले, कुणीतरी रॅचेट लावून आवळल्यासारखे. उजेडात धरून फिरवली, काही दिसेना. मग खालचं तोंड बोटाने बंद केलं, वरून ड्रॉपरने ऑईल भरलं आणि वाट बघत बसलो. मिनिटभराने वरच्या टोकापासून दीडएक सेंटीमीटर खाली एक बारीक लाल मणी फुगला, घसरला, मागून दुसरा. केसाएवढी उभी चीर होती, नखाला लागते पण डोळ्यांना दिसत नाही! ऑईल नळीच्या टोकावरून सांडायच्या ऐवजी त्या चिरेतून झिरपत होतं, म्हणजे लेव्हल टोकाला नाही, चिरेच्या तळाला ठरत होती. चेंबरचा तळ ढोबळमानाने ३० बाय ३० सेंमी धरला तर १ सेंमी उंचीला ९०० मिली होतात, आतल्या फिल्टरची वगैरे जागा वजा केली तरी अर्धा लिटर कुठे गेला ते कळतं. आणि सुरुवातीला २ लिटरच का निघालं तेही.

ही नळी प्लास्टिकची आहे आणि तिचा आवळायचा टॉर्क फक्त १.७ न्यूटन मीटर आहे. मोठा टॉर्क रेंच तिथे निरुपयोगी, तो क्लिक व्हायच्या आधी नळी बोलते. ॲलन की चं लांब टोक नळीत आणि आखूड टोक दोन बोटांत धरून टेकेपर्यंत फिरवायची, बास. प्लगला मात्र ४०, तो रेंचनेच. गाडी माझ्याकडे यायच्या आधी कुणी सर्व्हिस केली माहीत नाही, पण त्याने दोन्हीला एकच न्याय लावला होता एवढं नक्की.

नवी नळी ओरिजिनलच घेतली, या एका पार्टला लोकल घ्यायची माझी छाती झाली नाही, सोबत प्लगचा नवा वायसरही. परत सगळा सोहळा. दिवा पेटला, डाँगल ४१, प्लग काढला, धार आली, बारीक झाली, तुटली, आणि टप, टप, टप. मी गाडीखाली आडवा पडून एकटाच हसत होतो.

चालवून बघितली. सकाळी थंड गाडीत पी मधून डी टाकल्यावर जो क्षणभर विचार करायची तो बंद झालाय. २-३ ला हलकासा धक्का आहे अजून, पण एका ड्रेनमध्ये चमत्कार होत नसतो. ६.५ मधून २.५ बदललं की जुनं ६२ टक्के राहतं, दुसऱ्यांदा ३८, तिसऱ्यांदा २३. त्यामुळे काही हजार किलोमीटरच्या अंतराने अजून दोनदा करायचं असा प्लॅन होता. ‘ऑईल आयुष्यभर बदलू नका’ वाल्यांशी मी आता वाद घालत नाही, झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सला ८०,००० ते १,२०,००० किमीला ऑईल बदला म्हणते, माझ्यासाठी विषय संपला.

पण लिहिता लिहिता वाटतंय की पुढच्या वेळी नुसतं ड्रेन नको, चेंबरच उतरवावा. इतके दिवस अर्धा लिटर कमी ऑईलवर चालली असेल तर आतल्या, लोखंडाचा चुरा धरणाऱ्या चुंबकांवर काय जमलंय ते बघितलंच पाहिजे. करडा मऊ लगदा असेल तर ठीक, सुईसारखे कण निघाले तर वेगळं बोलू. फिल्टर आणि गॅस्केट मग ओघाने आलंच.

आणि हो, हे आत्ता सुचलं, काढलेलं ऑईल मापाने मोजायचं कशाला? गरम काढतो, थंड भरतो, लिटरमध्ये फरक पडणारच, वजन मात्र तेवढंच राहतं. डिजिटल काट्यावर भांडं ठेवून ग्रॅममध्ये काढायचं आणि ग्रॅममध्येच भरायचं, पुढच्या राउंडला तसंच करतो. चेंबरचे बोल्ट कुणी आधी उघडले असतील तर मागच्या बाजूच्या बोल्टांपर्यंत पोचायला सबफ्रेम आडवी येते का तेवढं सांगा, त्यावर एक्स्टेंशन कुठलं घ्यायचं ते ठरवतो.