एमएम ५४०ची हिवाळी तयारी: हीटर प्लग, अर्थिंग आणि टाकीतलं जुनं डिझेल

निफाडचा पारा घसरला की जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या तोंडी द्राक्षबागा. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवतात. त्याच मळ्यांतल्या जुन्या जीपा आणि छोटे हत्ती मात्र रात्रभर दवात उभे, आणि सकाळी धक्का मारायला चार माणसं. माझी महिंद्राची एमएम ५४० जीप मी मुद्दाम तिकडच्या एका मळ्यात उघड्यावर ठेवून तपासतोय. पंचवटीत घराच्या आडोशाला ती सुरू होतेच, त्यावरून काही कळत नाही.

हिच्यात प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत पेटतं. थंडीत तिथला धातू दाबलेल्या हवेची उष्णता ओढून घेतो, म्हणून हीटर प्लगशिवाय, म्हणजे ती कोठडी तापवणाऱ्या विजेच्या कांडीशिवाय, पहाटे भागत नाही. चारांपैकी एक मेला तरी इंजिन तीन सिलिंडरवर थडथडत पांढरा धूर सोडतं, आणि आपण डिझेल पंपाला दोष देतो.

तपासणी सोपी आहे. प्लग जोडणारी पट्टी सोडवा, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. दिवा लागला नाही तो प्लग गेला. माझा तिसरा गेला होता. बाहेर काढला तर टोक फुगून जळालेलं. असं टोक दिसलं की नुसता प्लग बदलून थांबू नका, त्याच सिलिंडरचा डिझेल फवारणारा नोझल डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे दाखवा. माझा फवारा सोडायच्या ऐवजी धार मारत होता.

मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिनशी जोडणी. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगायचं. पाव व्होल्टच्या आत आकडा हवा, इथे ०.९ दिसला. ब्लॉककडच्या बोल्टखाली रंग आणि गंज होता. घासून नवी पट्टी टाकली, आकडा ०.१ वर आला आणि सेल्फचा आवाजच बदलला. गारठ्यात बॅटरीची ताकद मुळातच कमी होते आणि ऑइल घट्ट होतं, त्यात ही गळती परवडत नाही. ऑइल आता २०डब्ल्यू-५० ऐवजी थंडीत पातळ राहणारं १५डब्ल्यू-४०.

डिझेलचंही पाहा. थंडीत त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे, हिवाळीला ६. गाडी पावसाळाभर उभी असेल तर टाकीतलं जुनं, उन्हाळी डिझेल काढून ताजं भरा, आणि फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा.

उन्हाळ्यात गॅरेजवाले थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाकतात, तोही परत बसवा. नाहीतर इंजिन तापायला फार वेळ घेतं.

एक कळकळीची विनंती: एअर क्लीनरसमोर पेटता बोळा धरू नका, आणि तापलेले हीटर प्लग असताना ईथरचा स्प्रे तर अजिबात नको. तो वेळेआधी पेटून पिस्टनच्या रिंगा मोडतो.

आता जीप मळ्यातही गारठ्यात पहिल्या सेल्फला उठते. राहिलंय ते डिझेलच्या रबरी नळ्यांचं काम. जुन्या नळ्या थंडीत कडक होऊन हवा घेतात. पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा लावलाय. त्यात बुडबुडे दिसले तर सगळ्या नळ्या क्लॅम्पसकट बदलणार.