सेलवरची मोटर फिरली: तिसऱ्या कॉइलची नोंद

तीन आठवडे मागे लागल्यावर काल मोटर फिरली. सामान सगळं घरातलं: 1.5 व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, त्या सेलला घट्ट धरायला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर आणि फुटक्या स्पीकरमधलं चुंबक. तार बंद पडलेल्या जड अ‍ॅडॉप्टरच्या ट्रान्सफॉर्मरमधून सोडवली. त्यात दोन प्रकारच्या तारा निघतात. केसासारखी बारीक घेऊ नका, तिची टोकं कॉइलच्या वजनानं वाकतात. जाड, साधारण अर्ध्या मिलिमीटरची घ्या. सेलभोवतीच 10 वेढे देऊन दोन टोकं समोरासमोर काढली की कॉइल तयार. ही टोकं दोन पिनांच्या भोकांत टेकतात आणि कॉइल चुंबकाच्या वर फिरते.

खरं काम आहे ते खरवडण्याचं. तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ थर, काढल्याशिवाय पिनेतून कॉइलमध्ये वीज जात नाही. पहिल्या कॉइलची दोन्ही टोकं मी पूर्ण खरवडली. ती नुसती हेलकावे खाऊन थांबायची, कारण दर अर्ध्या फेऱ्याला चुंबकाचा जोर उलट बाजूला लागतो. म्हणून एका टोकाचं इनॅमल अर्ध्याच बाजूचं काढायचं. मग उलट जोराच्या वेळी वीज तुटते आणि कॉइल आधीच्या वेगावर पुढे निघून जाते.

तसं केलं, तरी दुसरी कॉइलही अडली. भाची बराच वेळ तिच्याकडे वाकून बघत होती. म्हणाली, "मामा, ही सरळ उभी राहिली की चकचकीत बाजू पिनेला नीट टेकतच नाही."

अगदी बरोबर! मी कॉइल टेबलावर आडवी ठेवून खरवडली होती. चुंबक खाली असताना सगळ्यात जास्त जोर कॉइल उभी असताना लागतो, आणि नेमकी तिथेच वीज तुटत होती. तिसरी कॉइल टेबलाच्या कडेशी उभी धरली, टोक कडेवर टेकवलं आणि त्याची फक्त वरची बाजू ब्लेडनं खरवडली. बोटानं हलकी टिचकी दिली आणि ती अशी भिरभिरली की वेढे दिसेनात. भाचीनं लगेच चुंबक उलटं केलं. कॉइल थांबली. पुन्हा टिचकी दिली, तर आता उलट्या दिशेनं फिरली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

कॉइल अडकून राहिली तर सेल चांगलाच तापतो, तेव्हा ती लगेच उचला. ब्लेड मात्र मोठ्यांच्याच हातात.

आता वरूनही एक चुंबक लावून बघायचंय, खालच्याला ओढेल अशा बाजूनं. त्यासाठी लाकडी पट्टीचा स्टँड कापून ठेवलाय.