पुन्हा पुन्हा येणारा डाग

"काका, डाग परत आलाय," म्हणत गिऱ्हाइकाने जीन्स माझ्या रफूच्या टेबलावर टाकली. पुढच्या खिशाच्या कोपऱ्यात, रिव्हेटच्या, म्हणजे तिथे ठोकलेल्या तांबूस धातूच्या खिळ्याच्या खाली, तपकिरी ओघळ. दोनदा मीच तो फिका करून दिला होता. या वेळी पठ्ठ्याने घरी ब्लीच चोपडलं होतं. भोवतीचा निळा उडाला, डाग मात्र आणखी गडद.

जीन्सचा निळा रंग, इंडिगो, धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही, वरवर बसतो. त्यात उभा धागा तेवढा निळा, आडवा पांढरा. म्हणून तर जीन्स घासल्या जागी विटते. ब्लीचने गेलेला निळा परत आणणं माझ्या हातात नाही, हे त्याला तिथेच सांगून टाकलं.

दुपारी टेबलाखाली सांडलेल्या टाचण्या चुंबकाने गोळा करत होतो. काय वाटलं कुणास ठाऊक, चुंबक त्या रिव्हेटला लावला. टक्‌कन चिकटला! तांब्याला चुंबक धरत नाही. म्हणजे वर नुसता मुलामा, आत लोखंड. मुलामा झिजला होता आणि दर धुण्याला गंज कापडात उतरत होता. गंजावर ब्लीच घातलं की तो उलट पक्का बसतो. आणि मी दोन वेळा डागच धूत बसलो होतो!

१८७३ साली शिंपी जेकब डेव्हिस आणि कापडव्यापारी लीवाय स्ट्रॉस यांनी रिव्हेटचं पेटंट घेतलं, ते खिसे उसवू नयेत म्हणून. इथे रिव्हेटच कापड खात होतं. पक्कडीने काढलं, तर खालचे धागे बोटाने चुरडले गेले.

गंज काढणारं ऑक्झॅलिक ॲसिड विषारी, त्यामुळे हातमोजे घातले. आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहिला, निळा हलला नाही. मग डागावर थोडं लावलं आणि लगेच भरपूर पाण्याने खळबळून काढलं, कारण ॲसिड राहिलं तर उरलेलं सूतही कुजतं. सावलीत वाळवल्यावर आतून डेनिमचा तुकडा लावला आणि विणीच्या तिरक्या रेघा धरून रफू केला. रिव्हेटच्या जागी दाट आडवे टाके मारले.

संध्याकाळी तो आला. पैसे घेतले नाहीत, कारण आधीच्या दोन खेपा माझ्याच चुकीच्या. फिकट वलय पाहून थोडा हिरमुसला, पण रफू कुठे आहे ते त्याला शोधावं लागलं. मग त्याने स्वतःच चुंबक उचलला आणि उरलेल्या रिव्हेटांना एकेक लावून पाहिला.

पाचही चिकटली.

"राहू दे इथेच," मी म्हटलं आणि पुन्हा पक्कड घेतली.