उमुंटू, उबुंटू आणि पाळायला दिलेली गाय

उबुंटू म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे २००४ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा आलेली, फुकटात मिळणारी लिनक्स संगणकप्रणाली. दुसरी व्हॉट्सॲपवरची टोपलीची गोष्ट: झाडाखाली फळांची टोपली, शर्यत लावणारा कुणी संशोधक, आणि पहिला नंबर कुणीच न काढता हात धरून धावणारी मुलं. त्या गोष्टीत बहुतेक वेळा गावाचं नाव नसतं, साल नसतं, मुलं कुठली भाषा बोलतात तेही नसतं. शेवटी एक ओळ मात्र हमखास असते, 'मी आहे, कारण आपण आहोत.'

ही ओळ केनियाचे विचारवंत जॉन म्बिटी यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सूत्राचा अर्धा तुकडा आहे. ते सूत्र एकूण आफ्रिकी समाजातल्या व्यक्तीबद्दल होतं. उबुंटू, म्हणजे माणूसपण, समजावताना दक्षिण आफ्रिकेत जी झुलू म्हण सांगतात ती वेगळी आहे आणि बरीच खडूस आहे: उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू. तिच्यात 'मी' नाहीच.

म्हण कळायला थोडं व्याकरण लागतं. झुलू, खोसा, त्स्वाना, शोना या सगळ्या आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या, बांटू कुळातल्या भाषा. त्यांत नामाचा गाभा एक असतो आणि पुढचा उपसर्ग बदलला की अर्थाचं घर बदलतं. '-न्टू' हा माणसाचा गाभा. उमुंटू म्हणजे माणूस, अबांटू म्हणजे माणसं, इसिंटू म्हणजे आपल्या माणसांची रीतभात, उबुंटू म्हणजे माणूसपण. आपण शेपटीला 'पण' लावतो, ते डोक्यावर 'उबु' चढवतात, एवढाच फरक. आता हाच उपसर्ग आणखी कुठे बसतो ते बघा. इंकोसी म्हणजे राजा, उबुखोसी म्हणजे राजेपण. राजेपण मिळतं, सांभाळावं लागतं आणि जातंही. उबुंटूची जात तीच.

म्हणीतला पहिला 'उमुंटू' म्हणजे दोन हात-दोन पायांचा कुणीही. दुसरा, 'न्गुमुंटू' मधला, ही पदवी आहे. आपणही हेच करतो. 'माणूस आहे हो तो!' यात पहिल्या अर्थाचा माणूस नसतो. 'जरा माणसात ये' असं आपण माणसालाच सांगतो. शेवटच्या 'न्गाबांटू' मधला 'न्गा' हे साधन दाखवणारं अक्षर आहे, कुऱ्हाडीने तोडलं, हाताने खाल्लं, यातल्या 'ने' सारखं. म्हणजे सबंध म्हण अशी: माणूस माणूस ठरतो तो माणसांकरवी. 'आपण सगळे एक' असं ती कुठेही म्हणत नाही.

आणि पदवी आहे म्हटल्यावर नापास होण्याची सोयही आहे. त्स्वाना भाषेत वाईट वागणाऱ्याबद्दल 'खा से मोथो' म्हणतात: तो माणूस नाही. शोनात 'हाना हुन्हू', त्याच्यात माणूसपण नाही. हा शब्दांचा खेळ वाटतो, पण तत्त्वज्ञांची मोठी भांडणं इथूनच सुरू होतात. पश्चिम आफ्रिकेतले दोन तत्त्वज्ञ यावर आमनेसामने आले. नायजेरियाचे मेन्किटी म्हणाले की व्यक्तिपण जन्माबरोबर येत नाही, समाजात वाढता वाढता कमवावं लागतं. घानाच्या ग्येक्ये यांनी विचारलं, मग ज्याने कमवलं नाही त्याच्या हक्कांचं काय? माझं मत ग्येक्येंच्या बाजूला झुकतं. पण म्हणीचा मूळ स्वभाव मेन्किटींनीच ओळखला होता, हे मान्य करावं लागतं.

एक खबरदारीही इथेच. 'बांटू' हा शब्द भाषाकुळासाठी एकोणिसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लेक यांनी रूढ केला. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने तोच काळ्या लोकांवर शिक्क्यासारखा मारला. १९५३ च्या 'बांटू शिक्षण कायद्या'ने काळ्या मुलांना मुद्दाम दुय्यम शिक्षण दिलं. म्हणून दक्षिण आफ्रिकेत भाषांना बांटू म्हणा, समोरच्या माणसाला म्हणू नका.

रोजच्या वागण्यात ही म्हण सगळ्यात आधी दिसते ती नमस्कारात. झिम्बाब्वेत शोना बोलणाऱ्या घरी सकाळी विचारतात, 'मारारा सेई?' झोप कशी झाली? उत्तर येतं, 'न्दारारा काना मारारावो.' शब्द सुटे करा: 'न्दारारा' मी झोपलो, 'काना' जर, 'मारारावो' तुम्हीही झोपला असाल. तुम्ही झोपला असाल तर मी झोपलो. दुपारनंतर क्रियापद बदलतं, साचा तोच: 'मास्वेरा सेई?' दिवस कसा गेला? 'न्दास्वेरा काना मास्वेरावो.' तुमचा गेला असेल तर माझा गेला. यात 'मा' हा आदरार्थी 'तुम्ही' आहे, आपल्या अहो-जाहोसारखाच. सोबत टाळ्या वाजवतात, त्यातही रीत आहे. पुरुष पंजे सपाट ठेवून वाजवतात, बायका तळव्यांचा द्रोण करून, म्हणून आवाज खोल येतो.

झुलूतलं 'सावुबोना' तर इंटरनेटने पार चघळलंय. त्याचा शब्दशः अर्थ 'आम्ही तुला पाहिलं' असाच होतो, आणि बोलणारा एकटा असला तरी 'आम्ही' येतं, हे खरं. पण 'न्गिखोना', म्हणजे 'मी आहे', हे त्याचं उत्तर नाही. ते 'उन्जानी?', कसा आहेस, याचं उत्तर आहे. 'तू पाहिलंस म्हणून मी अस्तित्वात आलो' हा अर्थ सुविचारांच्या पोस्टरवाल्यांनी जोडला.

आता गाय. उबुंटू कळायला मला वाटतं नमस्कारापेक्षा गाय जास्त उपयोगी आहे.

त्स्वाना आणि सोथो लोकांत 'माफिसा' नावाची पद्धत होती, झुलूत तिला 'उकुसिसा' म्हणतात. ज्याच्याकडे गुरं जास्त तो काही गुरं गरीब शेजाऱ्याकडे किंवा नातेवाइकाकडे ठेवायला देतो. दूध ठेवणाऱ्याचं, शेण त्याचं, नांगराला जुंपायची मुभा त्याची. वासरं मात्र मालकाची. आपल्याकडे शेळी अर्धलीनं देतात, त्यात करडांची वाटणी आधीच ठरलेली असते. इथे तसं नाही. ठेवणाऱ्याने काही वर्षं नीट सांभाळ केला की मालक खुशीने एखादी कालवड देतो, आणि तिच्यापासून त्या घरचा स्वतःचा कळप सुरू होऊ शकतो. जनावर मेलं तर लपवायचं नाही, लगेच कळवायचं. लपवलं की विश्वास गेला, आणि दुसरा मालकही मग गाय देत नाही.

हे दान नव्हे. मालकाचाही हिशेब आहे. सगळी गुरं एका कुरणात ठेवली आणि तिथे पाऊस चुकला तर सगळंच बुडतं. पाच जागी वाटली तर दोन जागी वाचतात. शिवाय ज्याच्या घरात माझ्या गायीचं दूध आहे तो चावडीवर माझ्या बाजूने उभा राहतो. गोची कुठे होते तेही सरळ आहे. कालवड द्यायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर, त्यामुळे चिक्कू मालक वर्षानुवर्षं फुकट गुराखी राबवू शकतो. आणि साथ आली तर जोखीम वाटण्याचा काही उपयोग नसतो. १८९६-९७ च्या बुळकांडीने दक्षिण आफ्रिकेतली बहुतेक गुरं मारली, तेव्हा मालक आणि राखणारा दोघंही रिकामे झाले.

गायीला एवढं महत्त्व असलेल्या याच लोकांची एक म्हण आहे: 'फेता खोमो ओ त्श्वारे मोथो.' गाय सोड, माणूस धर. गुरांची किंमत माहीत नसणाऱ्याने ही म्हण केली असती तर तिला काही वजन नसतं.

शेतीच्या कामात 'इलिमा' (खोसा, झुलू), 'लेत्सेमा' (सोथो, त्स्वाना) आणि 'न्हिम्बे' (शोना) हे सगळे आपल्या इर्जिकचे सख्खे भाऊ. यजमान बिअर आणि जेवण घालतो, शेजारी नांगरट-खुरपणी करून देतात. बिअर ज्वारीच्या मोडाची आणि मक्याच्या पिठाची. ती आंबायला काही दिवस लागतात, म्हणून बोलावणंही तितकं आधी द्यावं लागतं. झुलू घरात ती 'उखाम्बा' या मातीच्या भांड्यात फिरते, आणि पाहुण्यांच्या आधी यजमानाच्या घरचं माणूस घोट घेतं, आत काही कालवलेलं नाही याची खात्री म्हणून. प्रेमाच्या कार्यक्रमात विषाची शक्यता गृहीत धरलेली आहे, हे मला फार आवडतं.

भांडणं मिटवायची जागा म्हणजे त्स्वाना गावातली 'खोत्ला': अर्धवर्तुळात रोवलेल्या लाकडांचा आडोसा, मधे मोकळी जागा. मुखिया, म्हणजे खोसी, सगळ्यांचं ऐकून घेतो आणि शेवटी बोलतो. आधी बोलला तर बाकीचे त्याचीच री ओढतील. मूर्खासारखं बोलणाऱ्यालाही बोलू द्यायचं, त्यासाठी म्हण आहे, 'म्मुआलेबे ओ बुआ ला खाख्वे': वाईट बोलणाराही आपलं बोलणं बोलतो, म्हणजे चांगलं बोलणाऱ्याला पुढे यायला वाव मिळतो. आणखी एक, 'न्त्वा खोलो के या मोलोमो', मोठी लढाई तोंडाची. पण या खोत्लात बायकांना परंपरेने जवळपास जागाच नव्हती. सगळ्यांचं ऐकायचं म्हणताना 'सगळे' म्हणजे मुख्यतः पुरुष. उबुंटूवर भरभरून लिहिणारे हे वाक्य बहुधा गाळतात.

मग हा शब्द कायद्यात कसा आला? डॅनिश अभ्यासक ख्रिश्चन गेड यांनी जुने मजकूर चाळले, तेव्हा छापील उल्लेख १८४६ पर्यंत मागे गेले. आधी तो नुसता एक गुण होता, तत्त्वज्ञान म्हणून त्याची मांडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, आणि 'उमुंटू न्गुमुंटू...' या म्हणीशी त्याची लेखी गाठ तर १९९३ ते १९९५ च्या सुमारास पडली. म्हण जुनी, शब्द जुना, जोडी मात्र वर्णद्वेष संपतानाची. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या हंगामी राज्यघटनेच्या शेवटच्या परिच्छेदात उबुंटूची गरज आहे असं लिहिलं गेलं. १९९६ च्या कायम घटनेत तो शब्द नाही. मधल्या काळात, जून १९९५ मध्ये, घटना न्यायालयाने माक्वान्याने खटल्यात फाशी रद्द केली आणि अनेक न्यायाधीशांनी उबुंटूचा आधार घेतला. त्यामुळे घटनेतून गेलेला शब्द निकालांतून टिकला.

निकालांत तो काय काम करतो याचं चांगलं उदाहरण २००४ चं पोर्ट एलिझाबेथचं. खासगी जमिनीवर २९ झोपड्या, २३ मुलं धरून ६८ माणसं, आणि त्यांना उठवा म्हणून १,६०० शेजाऱ्यांच्या सह्या. न्यायालयाने हुसकावण्याचा आदेश दिला नाही. कारण नगरपालिकेने त्या माणसांशी बसून बोलण्याचा, मध्यस्थ घालण्याचा खरा प्रयत्नच केला नव्हता. खोत्लाची रीत नगरपालिकेला लावली, इतकंच.

२००६ च्या दिकोको खटल्यात अब्रूनुकसानीचे १,१०,००० रँड लावले गेले होते. न्या. मोक्गोरो आणि न्या. सॅक्स यांनी म्हटलं की तुटलेलं नातं पैशाच्या आकड्याने जुळत नाही, माफीला जागा हवी. त्यांचं मत अल्पमतात राहिलं.

वर्णद्वेषी काळातले अत्याचार तपासणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाची गोष्ट मात्र अवघड आहे. आयोगाचे अध्यक्ष आर्चबिशप टुटू उबुंटूची भाषा बोलत होते, पण कायद्यात माफीसाठी राजकीय हेतूबरोबर अट होती ती पूर्ण खरं सांगण्याची. पश्चात्तापाची नव्हती. ७,००० हून जास्त अर्ज आले, ८४९ मंजूर झाले. पीडितांना २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड द्यायचं ठरलं, आयोगाने सुचवलं होतं त्याच्या कितीतरी कमी. माफिसाच्या हिशेबात हे बसत नाही. गाय मेली हे सांगितलं, पुढचं काहीच नाही.

आणि शेवटी, अबांटू कोण हा प्रश्न. मे २००८ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या वस्त्यांतून परदेशी म्हणून हेरलेल्या लोकांवर हल्ले सुरू झाले. ६२ माणसं मेली, त्यातली २१ दक्षिण आफ्रिकेचीच नागरिक होती. काही ठिकाणी जमाव रस्त्यात अडवून कोपरावर बोट ठेवायचा आणि झुलूत याला काय म्हणतात विचारायचा. उत्तर 'इन्दोलोल्वाने'. ते न आलेला परका. या चाचणीत अडकू शकणाऱ्यांत त्सोंगा बोलणारे दक्षिण आफ्रिकीही होते. त्यांच्या भाषेत तीच म्हण अशी आहे: 'मुन्हू इ मुन्हू ही वान्हू.'