केळीच्या बागेतल्या कंट्रोलरसाठी स्वतः बांधलेली टूलचेन: न्यूलिब झाली, बोर्ड चालू

टूलचेन म्हणजे कोडपासून चिपवर चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनांचा संच. त्यातल्या जीसीसी या कंपायलरचा शेवटचा टप्पा पूर्ण झाला. स्वतः बांधलेल्या कंपायलरमधून निघालेलं फर्मवेअर (चिपवर बसणारा प्रोग्राम) ब्लू पिल या छोट्या बोर्डावर चालतंय आणि सिरीयल पोर्टवर मातीच्या ओलाव्याचे आकडे येताहेत. मागच्या नोंदीत बिनयूटिल्सपर्यंत (असेंबलर, लिंकर वगैरे साधनं) आलो होतो, आज त्याच्या पुढचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: रावेर तालुक्यात मामांची केळीची बाग आहे, ठिबकवर. शेतीची थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. मोटरीला ऑटो लावलेला असतो, त्यामुळे लाईट आली की मोटर सुरू होते, मग बागेला पाण्याची गरज असो वा नसो. मला तिथे ओलावा बघून निर्णय घेणारा छोटा कंट्रोलर बसवायचा आहे. बोर्डावर एसटीएम३२एफ१०३ ही चिप आहे: कॉर्टेक्स-एम३, ७२ मेगाहर्ट्झ, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. तयार टूलचेन उतरवून हे काम होतं आणि घाईत असलेल्याने तेच करावं. पण जे फर्मवेअर रात्री दोन वाजता कुणी जवळ नसताना मोटर चालू-बंद करणार, त्यात कोणती लायब्ररी कुठून येऊन बसते हे मला स्वतः बघायचं होतं.

आवृत्त्या: बिनयूटिल्स २.४१, जीसीसी १३.२, न्यूलिब (छोट्या चिपसाठीची सी लायब्ररी) ४.३. टार्गेट, म्हणजे कोड ज्याच्यासाठी बनवायचा ते, आर्म-नन-ईएबीआय. ‘नन’ म्हणजे चिपवर ऑपरेटिंग सिस्टिम नाही.

क्रम का असा आहे ते एकदा नीट समजलं की बाकी सोपं जातं. सी लायब्ररी कंपाइल करायला त्या चिपसाठीचा कंपायलर लागतो. पूर्ण कंपायलर, म्हणजे त्याची सी++ लायब्ररी धरून, बांधायला सी लायब्ररीचे हेडर (फंक्शनांच्या घोषणांच्या फायली) लागतात. म्हणून जीसीसी दोनदा येतो. पहिल्या फेरीत फक्त सी भाषा, ‘विदाउट-हेडर्स’ आणि ‘विथ-न्यूलिब’ हे दोन पर्याय, आणि बिल्ड चालवणाऱ्या मेकला ‘ऑल-जीसीसी’ व ‘ऑल-टार्गेट-लिबजीसीसी’ एवढंच सांगायचं. त्या अर्ध्या कंपायलरने न्यूलिब बांधायची. मग दुसऱ्या फेरीत सी++ सकट सगळं. दुसऱ्या फेरीतही ‘विथ-न्यूलिब’ ठेवा. ते नसेल तर सी++ लायब्ररीचं कॉन्फिगर एक प्रोग्राम लिंक करून बघायला जातं, ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या टार्गेटवर ते जमत नाही आणि ‘लिंक टेस्ट्स आर नॉट अलाउड’ असा संदेश देऊन सगळं थांबतं.

जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या जीसीसीला लागणाऱ्या तीन गणिती लायब्ररी जीसीसीच्या स्वतःच्या ‘डाउनलोड प्रीरिक्विझिट्स’ स्क्रिप्टने आणल्या. यातली एमपीएफआर मला फार आवडते. कोडमधली स्थिर आकड्यांवरची साइन, लॉगसारखी गणिती फंक्शन्स जीसीसी कंपाइल करतानाच हिच्याकडून सोडवून घेतो, त्यामुळे माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचा उत्तरावर काही परिणाम होत नाही.

इन्स्टॉलची जागा घरच्या फोल्डरातच ठेवली आणि तिचा ‘बिन’ फोल्डर पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) सगळ्यात पुढे. सिस्टिमच्या फोल्डरात टाकायचं म्हणून लोक सुडो (ॲडमिनचे अधिकार) वापरतात, सुडो पाथ बदलतो, आणि न्यूलिब इन्स्टॉल होताना ‘आर्म-नन-ईएबीआय-रॅनलिब सापडत नाही’ म्हणून अडकते. घरच्या फोल्डरात ती भानगडच नाही. बिल्डचा फोल्डरही सोर्सच्या बाहेर, प्रत्येक टप्प्याला वेगळा.

लॅपटॉप चार जीबी रॅमचा आहे, म्हणून मेक दोनच जॉबवर चालवतो. जास्त दिले तर जीसीसीच्या मोठ्या फायली एकाच वेळी कंपाइल व्हायला लागतात, मेमरी संपते आणि कर्नल ‘सीसी१प्लस’ हा चालू कंपायलरच मारून टाकतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारी प्रोसेसर तापून स्वतःच वेग उतरवतो, त्यामुळे मोठे बिल्ड रात्रीच लावलेले बरे.

लाईट गेली आणि बॅटरीनेही मान टाकली तर मेक जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो, हे खरं. फक्त एक तपासून घ्या. लाईट जाताना लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची राहू शकते. मेकला ती ताजी दिसते, तो पुढे जातो, आणि बऱ्याच वेळाने लिंकर ‘फाइल ओळखता येत नाही’ म्हणतो. फाइंड कमांडने शून्य बाइटच्या सगळ्या ऑब्जेक्ट फायली उडवायच्या आणि मेक परत लावायचा. पूर्ण बिल्ड पुसून पहिल्यापासून सुरू करायची काही गरज नाही.

आता माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग: मल्टीलिब, म्हणजे एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठीच्या प्रती. कॉर्टेक्स-एम फक्त थंब (आर्मच्या आटोपशीर) सूचना चालवतो. जुन्या आर्म पद्धतीचा कोड त्याच्यापुढे आला की थेट हार्ड फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. आपण आपला कोड थंबमध्ये कंपाइल केला म्हणून भागत नाही, कारण फर्मवेअरमध्ये लिबजीसीसी ही जीसीसीची मदतनीस लायब्ररीही शिरते. एम३ मध्ये दशांशाचं गणित करणारं हार्डवेअर नाही. ओलाव्याच्या कॅलिब्रेशनमध्ये मी एक साधा फ्लोट गुणाकार केला, की कंपायलर तिथे ‘एईएबीआय-एफमुल’ या फंक्शनला हाक मारतो आणि ते लिबजीसीसीमधून येतं. ‘आरएमप्रोफाइल’ ही मल्टीलिब यादी दिली तर आर आणि एम जातीच्या सगळ्या प्रोसेसरांसाठी लायब्ररींच्या वेगवेगळ्या प्रती तयार होतात. हातात अनेक बोर्ड असतील तर तेच योग्य. मला एकच चिप हवी होती, म्हणून ‘विथ-सीपीयू’ कॉर्टेक्स-एम३, ‘विथ-मोड’ थंब, ‘विथ-फ्लोट’ सॉफ्ट आणि मल्टीलिब बंद. बिल्डचा वेळ खूपच उतरला.

झाल्यावर विश्वासावर सोडलं नाही. फायलीची माहिती दाखवणाऱ्या रीडएल्फला ‘ए’ पर्याय देऊन लिबजीसीसी तपासली: आर्किटेक्चर व्ही७, प्रोफाइल मायक्रोकंट्रोलर, थंब-२. मग ऑब्जडंप लावून फर्मवेअर उलगडलं. पत्ता ०८०००००० वर पहिला शब्द स्टॅकचा, म्हणजे रॅमच्या वरच्या टोकाचा पत्ता, २०००५०००. दुसरा शब्द रीसेट हँडलरचा, आणि त्याचा शेवटचा बिट १. तो १ म्हणजे थंब. स्वतः बांधलेल्या लिंकरने तो बिट बरोबर बसवलेला बघून फार समाधान वाटलं.

न्यूलिब मी दोनदा बांधली, दुसऱ्यांदा नॅनो, म्हणजे कमी जागा घेणाऱ्या रूपात: नॅनो मॅलॉक, नॅनो फॉरमॅटेड आयओ, आकारासाठी ‘ओएस’ ऑप्टिमायझेशन. ती वेगळ्या जागी इन्स्टॉल करून लायब्ररींच्या नावापुढे ‘नॅनो’ जोडून मूळ जागी ठेवायच्या, मग नॅनो स्पेक्स ही लिंकिंगची सेटिंग फाइल त्या उचलते. ६४ केबीत हीच हवी. प्रिंटएफमधून दशांश छापायचे असतील तर लिंकरला ‘प्रिंटएफ फ्लोट’ चिन्ह मुद्दाम मागायला लागतं. मी त्यापेक्षा ओलावा दहापट करून पूर्णांकात छापतो, ते हलकं पडतं.

‘एसब्रेक’ (मेमरी मागणं) आणि ‘राइट’ (बाहेर लिहिणं) ही सिस्टिम कॉल्स स्वतः लिहिली, बाकीच्यांना नुसती नावापुरती फंक्शन्स देणारं नोसिस स्पेक्स पुरतं. ते ‘हे फंक्शन नेहमी अपयशी ठरेल’ अशा सूचना देतं, त्या इथे चालतात. आरडब्ल्यूएक्स सेगमेंटची (एकाच भागाला वाचणं, लिहिणं, चालवणं अशा तिन्ही परवानग्या) सूचना २.३९ पासूनच्या बिनयूटिल्समध्ये दिसते, घाबरू नका.

मामांचा प्रश्न एकच आहे: “लाईट आली तर मोटर लागेल ना रे?” त्यासाठी रिले आणि स्टार्टरची जोडणी बाकी आहे, ती वेगळ्या नोंदीत.

दरम्यान दुसरी टूलचेन सुरू केली आहे. ठिबकच्या प्रत्येक व्हॉल्व्हजवळ एक स्वस्त सेन्सर हवा, त्यासाठी सीएच३२व्ही००३ घेतला: रिस्क-व्ही, १६ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. आर्किटेक्चर आरव्ही३२ईसी, म्हणजे ३२ ऐवजी १६ रजिस्टर आणि गुणाकाराची सूचनाच नाही, साधा पूर्णांक गुणाकारही लिबजीसीसीतून. एबीआय (फंक्शनांनी एकमेकांना हाक मारायचे नियम) आयएलपी३२ई. सीएसआरच्या (प्रोसेसरची नियंत्रण रजिस्टर) सूचनांसाठी आर्किटेक्चरच्या नावात ‘झेडआयसीएसआर’ वेगळं जोडावं लागतं, बिनयूटिल्स २.३८ पासून. बिनयूटिल्स झाल्या, जीसीसीची पहिली फेरी चालू आहे.