पाऊल कुठे पडतं?

साताऱ्याकडची एक मुलगी वडिलांबरोबर ट्रॅकवर आली. दहा हजार मीटर धावणारी. सहा-सात किलोमीटर झाले की ढेपाळायची, उजवा गुडघाही दुखायचा. वडील म्हणाले, "सर, हिचा डावा हात फार बाहेर जातो. तेवढा सरळ करून द्या." त्या हातावर आधीच पुष्कळ मेहनत झाली होती. पोर खांदे आवळून, कोपरं अंगाला चिकटवून धावत होती.

मी म्हटलं, "हात विसर. तुला येतं तसं धाव." हात सुटले आणि तिचा जबडाही सैल झाला. पायांमुळे धडाला बसणारा पीळ हात तोलून धरतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या चाचणीत हात डोक्यावर ठेवून धावणाऱ्यांना सुमारे १३ टक्के जास्त ऊर्जा लागली होती. ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ हिचं डोकं पावलागणिक डुलायचं. तरी लंडनमध्ये २००३ साली तिने नोंदवलेला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा महिलांचा जागतिक मॅरेथॉन विक्रम १६ वर्षं टिकला.

मोबाईलवर स्लो मोशनमध्ये काढलेला व्हिडिओ थांबवून दोघांना दाखवला. टाच गुडघ्याच्या बरीच पुढे टेकत होती, पाय जवळजवळ ताठ. म्हणजे दर पावलाला ब्रेक, आणि गेलेला वेग परत मिळवायला जास्तीचा ऑक्सिजन. धक्का गुडघ्यावर, तो वेगळाच.

"मग चवड्यावर धावू का, सर?"

हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्याचा मला राग येतो. चवड्यावर धावलं की भार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. एक दुखणं जाऊन दुसरं येतं. टाच टेकली म्हणून बिघडत नाही, ती शरीराच्या किती पुढे टेकते ते बघायचं.

तिची पावलं मिनिटाला १५८ पडत होती. वेग तोच ठेवून मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र, १६६ वर लावला, म्हणजे ढांग थोडी आखूड होणार. मिनिटाला १८० पावलांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण अंगवळणी पडलेल्या ढांगेतच शरीर काटकसर शिकलेलं असतं. एकदम मोठा बदल केला तर खर्च वाढतो. एवढ्याशा बदलानेही पहिल्या फेऱ्यांना तिला धाप लागली. मग पावलांचा थपथप आवाज कमी झाला. पुन्हा व्हिडिओ काढला, तेव्हा टाच गुडघ्याच्या जवळजवळ खाली येत होती.

हळू धावण्याच्या दिवशी थोडा वेळ मेट्रोनोम, वेगाच्या सरावाला नाही, एवढंच ठरवून दिलं. पुढच्या हंगामात गुडघा दुखला नाही. वेळही सुधारली, पण त्यात तिच्या चढावरच्या सरावाचा वाटा मोठा आहे.